यंदा कुणाकडं कढई न्हाय?

दिवाळी तोंडावर आली की डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत बायका एकमेकींना विचारायच्या, भाजणी दळून आणली का, करंज्यांना कधी बसणार. कांबळे आक्का गॅलरीत उभी राहून भलतंच विचारायची. "काय गं, यंदा कुणाकडं कढई न्हाय?"

आमच्यात ज्या घरातलं माणूस जातं त्या घरी वर्षभर सणाचं तळण करत नाहीत. कढई लावायची नाही. त्या घरचा फराळ शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नि पाहुण्यांनी आणून द्यायचा. रीत सगळ्यांना पाठ असते, पण आपापलं आवरता आवरता ती चार चकल्या नि दोन लाडवांवर येते, तेही भाऊबीज उलटल्यावर, डब्यातलं उरलंसुरलं म्हणून. आक्काचा डबा वसुबारसेच्या आधी जायचा. भरलेला, वर कागद घालून, झाकण नीट बसवलेला. ती दारात उभी राहायची, आत यायची नाही. "दुखवट्याच्या घरी बसायचं आसतं तेव्हा बसले मी. आज नुसतं द्यायला आले," म्हणायची, आणि निघायची.

गंमत अशी की आक्काच्या स्वतःच्या घरी दिवाळी नव्हतीच. कांबळे बौद्ध. त्यांचे सण म्हणजे जयंती आणि बुद्धपौर्णिमा. पौर्णिमेला आक्का पांढरी साडी नेसून अख्ख्या मजल्याला खीर वाटायची. तिचा नवरा, ज्याला सगळी चाळ दादा म्हणायची, चळवळीतला माणूस. दिवाळीला घरात तेलाचा वास सुटला की त्याचं डोकं फिरायचं. एकदा भर गॅलरीत त्याने विचारलं, हे सगळं आपण सोडलं ना? आक्का शंकरपाळे कापत होती. मान वर न करता म्हणाली, "देव सोडला. शेजारी न्हाय सोडला." दादा चप्पल घालून खाली निघून गेला. परत आला तेव्हा हातात तेलाची पिशवी होती.

मी तिला एकदा विचारलं होतं, आक्का, तू का करतेस एवढं? मला वाटलं काहीतरी मोठं कारण सांगेल. तर म्हणाली, "आगं, तुम्ही बाया दिवाळीत आपापल्या घरात गुतलेल्या. मी मोकळी. मोकळ्या माणसानं करायचं." झालं. तिच्याकडे यापेक्षा लांब उत्तर कधी नसायचं.

मी लग्न होऊन त्या चाळीत आले आणि वर्षाच्या आतच सासरे गेले. सासूबाई मालवणकडच्या, जुन्या वळणाच्या. आक्काचा डबा त्यांनी हातात घेतला आणि खिडकीत ठेवून दिला. का ठेवला ते मला कळत होतं, आक्कालाही कळत होतं. दोन दारं सोडून राहणाऱ्या बाईला काय कळायचं राहतं? मी दुसऱ्या दिवशी नळावर तिची माफी मागायला गेले तर तिने मला बोलूच दिलं नाही. "खायचं का टाकायचं ते तुमच्या घराचं काम. आणायचं माझं काम. तू कशाला मधी पडतीस?" त्या दुपारी सासूबाई भिंतीकडे तोंड करून काहीतरी खात होत्या. मी आत आल्याचं कळल्यावर म्हणाल्या, "मीठ बरोबर आसा गो." पुढची सारी वर्षं आक्काची पौर्णिमेची खीरही त्यांनी वाटीत घेतली.

मग सासूबाई गेल्या, आणि काही वर्षांनी आमचे हे गेले. सकाळी डबा घेऊन कामाला गेले आणि दुपारी ऑफिसातून फोन आला. ऋतुजा तेव्हा आठवीत होती. मी रडले नाही. लोकांना वाटलं धक्का बसलाय, रडवा तिला. बायकांनी हलवलं, गळ्यात पडल्या, माझ्याऐवजी त्याच रडल्या. मला आत काही लागतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं सगळं अंग. वाटलं होतं उतरेल. उतरलं नाही.

त्या दिवाळीला आक्काचा डबा आला. वर्ष झालं, वर्षश्राद्ध झालं. रीतीप्रमाणे मग कुणीतरी मोठ्या बाईने येऊन घरात पुन्हा कढई चढवून द्यायची असते. माझी जाऊ विरारहून आली, भाजणीसुद्धा घेऊन आली. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तिने चार गोष्टी सुनावल्या. पोरगी आहे घरात, तिने काय पाप केलंय, किती दिवस सुतकी तोंड घेऊन बसणार. सगळं खरं होतं. मी ऐकून घेतलं आणि भाजणी तिच्याच पिशवीत परत घातली.

त्या संध्याकाळी आक्का डबा घेऊन दारात. मी म्हटलं, आक्का, वर्ष सरलं, आता कशाला? तिने माझ्या खांद्यावरून आत स्वयंपाकघरात पाहिलं. "कढई लागली का?" नाही म्हटलं. "मग धर."

त्यानंतर दर दिवाळीला ती येत राहिली. चाळीत कुजबुज झाली, आता कसला दुखवटा, ही आक्का उगाच लाडावून ठेवते. कुणीतरी तिच्या तोंडावरच म्हणालं. आक्का म्हणाली, "दुःखाला काय क्यालेंडर आसतंय? तिला वाटंल तवा लावंल."

आमच्या घरात नुसती दिवाळीच बंद नव्हती. वाढदिवस नाही, गणपतीला गावी जाणं नाही, गुढी नाही. ऋतुजाचा दहावीचा निकाल लागला, चांगले मार्क पडले. मी म्हटलं, बरं झालं, आणि डाळीला फोडणी घातली. आक्काने पोरीला हाताला धरून नेलं, पेढे आणवले आणि गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिला घेऊन फिरली. प्रत्येक दारात पोरीला पाया पडायला लावलं. ऋतुजा परत आली ती कपाळभर कुंकू आणि मूठभर पाकिटं घेऊन. माझ्या समोर बसली नि विचारलं, "मम्मी, तुला आनंद झाला का?" झाला, म्हटलं. झाला नव्हता. वाईटही वाटलं नव्हतं. पोरीने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि उठून गेली.

आक्का माझ्यावर चिडली ती एकदाच. ऋतुजाच्या अठराव्या वाढदिवसाचा केक तिने आपल्या घरी आणला होता. सगळा मजला जमलेला. मला बोलवायला आली तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. म्हटलं, तुम्ही कापा, माझं काम आहे. ती माझ्या हातातली उशीची खोळ काढून घेऊन म्हणाली, "नंदा, तुला नगं तर नगं. पण पोरीचं वय थांबत न्हाय." मी गेले. टाळ्या वाजवल्या. फोटोत मी आहे, हसतेही आहे. तो फोटो मी पाहते तेव्हा ती बाई ओळखीची वाटते, एवढंच.

पुढे चाळ पडली आणि त्याच जागी टॉवरमध्ये घरं मिळाली. आक्का खाली पाचव्यावर, आम्ही वर तेराव्यावर. घरं छान आहेत, नाही म्हणू नये. पण गॅलरी गेली, दारं बंद झाली, आणि आक्काची पंचाईत झाली. कुणाच्या घरी कोण गेलं ते आता कळायचं कसं? चाळीत तळणाचा वास न येणारं घर लगेच कळायचं. ती लिफ्टने खाली जायची आणि वॉचमनला धरायची. "भय्या, इस साल किसके घर में मयत हुआ?" बिचारा पहिल्या वेळी घाबरलाच. नंतर सवय झाली, दसरा झाला की तोच आपणहून सांगायचा, आक्का, सत्रह नंबर माला, बुड्ढा गया. अनोळखी दाराची बेल वाजवून आक्का डबा पुढे करायची. लोकांना वाटायचं विकायला आलीय. एका बाईने तर भाव विचारला. आक्का वर येऊन मला सांगत होती आणि पोट धरून हसत होती. मला तेव्हा हसू आलं. आलं होतं, हे नंतर आठवलं.

यंदा गणपतीनंतर आक्का तापाने आजारी पडली. छातीत कफ झाला, इस्पितळात नेली, आणि ती परत आली नाही. मी पांढरी साडी नेसून पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले. वंदना झाली, लोक उठून तिच्याबद्दल बोलले. मलाही बोलायला सांगितलं. मी नको म्हटलं. दादा खुर्चीत बसून सगळ्यांना जेवून जा, जेवून जा, म्हणत होता. मी जेवले. घरी येऊन झोपले. झोपही लागली.

दसरा उलटल्यावर ऋतुजा एक दिवस कामावरून आली आणि बॅग न उतरवताच म्हणाली, "मम्मी, आक्काआजीच्या घरी यंदा फराळ कोण देणार?" प्रश्न माझ्या डोक्यात अडकून बसला. त्या घरातलं माणूस गेलंय. कढई बंद असणार. जिने सगळ्यांची दिवाळी पोचवली तिचं घर कोरडं जाणार? हे काही बरोबर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून कढई काढली. शिफ्टिंगच्या वेळी बांधलेलं गोणपाट अजून तसंच होतं.

हात सगळं विसरले होते. मोहन जास्त झालं आणि पहिला घाणा तेलात विरघळून गेला. ऋतुजा ओट्याशी उभी राहून हसायला लागली. मी म्हटलं, हसतेस काय, पीठ घाल आणखी. दुसरा घाणा जमला. तिने गरम चकली उचलली, फुंकली, खाल्ली, आणि माझ्या पाठीला डोकं टेकून उभी राहिली. पातेल्यात काय, कढईत काय, मला काही धड दिसेना. धुरानेच असेल. मी झारा फिरवत राहिले.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी डबा घेऊन पाचव्यावर उतरलो. लिफ्टचं दार उघडलं आणि तळणाचा वास आला. आक्काच्याच घरातून. सून रूपाली ओल्या हातांनी दार उघडायला आली. तिच्या ओट्यावर कढई, बाजूला शंकरपाळ्यांचा ढीग, आणि टेबलावर एक डबा भरून तयार, वर कागद घातलेला.

मी माझा डबा पुढे केला. म्हटलं, अगं, तुमच्याकडे माणूस गेलं, तुमची कढई बंद असेल म्हणून मी...

"आमच्यात बंद नसते हो, काकू," ती म्हणाली. "ती रीत तुमच्यातली. आईंनी इस्पितळात सांगितलं होतं, मी नसले तरी नंदाचा डबा चुकवू नका. मी आता वरच येणार होते." मग माझ्या हातातल्या डब्याकडे तिचं लक्ष गेलं. झाकणाच्या कडेला चकलीचा चुरा होता. "तुमची कढई लागली?"

आत खुर्चीतून दादा वळून बघत होता.

लागली, मी म्हटलं. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मी केवढी चूक केली. यंदा कढई लावायची नसते. यंदाच नसते.

रूपाली टेबलावरच्या डब्यावर हात ठेवून उभी होती. "मग हा आता कुणाला देऊ?"

मी माझा डबा दादाच्या मांडीवर ठेवला आणि तिच्यापुढे दोन्ही हात केले.

"दे इकडे," मी म्हटलं. "माझ्या घरचं माणूस गेलंय." आणि तिथेच दारात, ऋतुजाच्या देखत, मला रडू फुटलं.