फोटोतला हात माझा आहे

माझ्या व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्याने त्यांनी दात कोरले.

माझ्यासमोर. मी कार्ड हातात दिलं. त्यांनी ते न वाचता बोटांत फिरवलं, शेजारच्या माणसाशी बोलता बोलता कोपरा दुमडला आणि दाढेत घातला. बटाटावड्यातली कोथिंबीर असावी. काम झाल्यावर कार्ड कागदी प्लेटमध्ये टाकलं आणि प्लेट टोपलीत. वाईट हेतू नव्हता. हेतू असता तर बरं झालं असतं. निदान माझ्याकडे लक्ष होतं असं म्हणता आलं असतं.

कार्डावर माझं नाव होतं, आणि नावापुढे बी. ई. इलेक्ट्रिकल. लग्नपत्रिका सोडल्या तर आमच्या घरातल्या कुणाचं नाव त्याआधी कुठे छापलं गेलं नव्हतं.

हे झालं कर्वेनगरातल्या एका कॉलेजच्या सेमिनार हॉलबाहेर. पुण्यातल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी व्याख्यान असतं, मग चहा. व्याख्यानाला अर्धा हॉल रिकामा असतो. चहाला सगळे असतात. कारण कामं चहावर ठरतात. कुठल्या कंपनीत जागा निघालीय, कुठल्या इमारतीचं ऑडिट यायचंय, कुणाला कन्सल्टंट हवाय, हे कुठेही छापून येत नाही. कप हातात धरून माणसं गोल करून उभी राहतात आणि त्या गोलात असेल त्यालाच ते कळतं. गोलाला दार नसतं. नुसत्या पाठी असतात.

त्या पाठी बघत मी कितीतरी शनिवार उभी राहिले. एका हातात चहा, खांद्याला सॅक. एकदा धीर करून दोन पाठींमधून आत घुसले आणि कार्ड पुढे केलं. मग वर सांगितलं ते झालं.

दात कोरून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आपण मूळच्या कुठल्या?"

"बिबवेवाडी."

"नाही, मूळच्या."

"बिबवेवाडीच. अप्पर."

अप्पर म्हणजे बिबवेवाडीचा वरचा भाग, टेकडीला लागून चढत गेलेला. पुण्यातल्या माणसाला अप्पर म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. तरी त्यांनी आडनाव विचारलं. ते कार्डावर होतं, पण कार्ड टोपलीत होतं. सांगितलं. ते "अच्छा" म्हणाले. हे अच्छा मी शाळेपासून ऐकत आलेय. त्यात एक छोटा श्वास असतो.

"वडील काय करतात?"

"मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पंखे, पाण्याच्या मोटारी."

"वा. म्हणजे घराण्यातच आहे म्हणायचं."

गोल हसला. मीही हसले. त्या वेळी हसणं सोपं होतं. परत जाताना बसमध्ये बसल्यावर डोकं चालू लागलं. त्यांचे वडील वीज खात्यात मोठे इंजिनिअर होते, मुलगा परदेशात इंजिनिअर आहे. ते घराणं. माझ्या बापाने जन्मभर तांब्याची तार गुंडाळली. तो विनोद.

पण निघताना ते म्हणाले होते, "सोमवारी ऑफिसला ये. साइटवर जायला कुणीतरी हवंच आहे. आमच्या पोरांना ऊन लागतं."

'आपण'वरून 'ये'वर यायला त्यांना एक कप चहा पुरला.

मी सोमवारी गेले. नोकरी हवी होती. तेव्हापासून ते माझे सर झाले. या मंडळाचे ते जुने अध्यक्ष, शहरातले नावाजलेले कन्सल्टंट. आमचं काम इमारतींचं इलेक्ट्रिकल ऑडिट करण्याचं. थर्मल कॅमेरा घेऊन पॅनलसमोर उभं राहायचं, दार उघडायचं, कुठला जोड तापतोय ते बघायचं. कॅमेऱ्यात गरम भाग पांढरा दिसतो. हिंजवडीतल्या बऱ्याच बेसमेंटना मी ओळखते. वर काचा आणि कॉफी, खाली आम्ही.

आता एक पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आलं.

मंडळाच्या व्याख्यानाला वक्ता स्टेजवर उभा राहतो. स्टेजच्या पायरीशी एका खुर्चीवर त्याच्या ऑफिसातलं कुणीतरी ज्युनिअर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतं, लोकांकडे पाठ करून. वक्ता "नेक्स्ट" म्हणतो, ज्युनिअर बटण दाबतं. रिमोट सगळ्यांकडे आहे. सरांच्या खिशातच असायचा. एकदा कुणीतरी विचारलं, "सर, रिमोट वापरा की." सर म्हणाले, "बटण दाबायला माझ्याकडे माणूस आहे." तेव्हाही लोक हसले. बटण दाबणाऱ्यानेच आदल्या रात्रीपर्यंत स्लाइड बनवलेल्या असतात, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत असतं. सगळ्यांनी तरुणपणी कुणासाठी तरी बटण दाबलेलं असतं. म्हणून कुणी काही बोलत नाही. त्यांचं एक असतं, त्यांना माहीत असतं की पुढे स्टेज मिळणार आहे. काकांचं स्टेज, सासऱ्यांचं स्टेज. मी आमच्यातल्या कुणाला त्या स्टेजवर पाहिलेलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात हिंजवडीतल्या एका इमारतीत जळका वास येत होता. तिथले लोक म्हणायचे एसीचा आहे. मी पॅनल उघडलं. तिन्ही फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तारा, ठीक होत्या. न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या तारेचा, जोड कॅमेऱ्यात पांढराफेक. कॉलेजात शिकवतात की तीन फेजचे प्रवाह न्यूट्रलमध्ये येऊन एकमेकांना मारतात आणि न्यूट्रल थंड राहते. पण इमारतभर कॉम्प्युटरच असले की काही प्रवाह मरत नाहीत. न्यूट्रलमध्ये गोळा होतात आणि ती तापते. हे पुस्तकातही आहे, मी काही शोध लावला नाही. पण पुस्तकात असणं वेगळं आणि आपल्या शहरातल्या इमारतीत, रोज माणसं कामाला येतात तिथे, हाताने मोजून दाखवणं वेगळं. मी सकाळी गेले, दुपारी गेले, सुट्टीच्या दिवशी इमारत रिकामी असताना गेले. मग तशाच दुसऱ्या इमारती शोधल्या. तिथेही तेच निघालं.

सरांना दाखवलं. ते बराच वेळ फोटो बघत बसले. मग म्हणाले, "यावर व्याख्यान होऊ शकतं. या वेळी तू बोल."

मी घरी सांगितलं. आईने दोनदा विचारलं, "तूच बोलणार ना? स्टेजवर?" पप्पांनी शनिवारी दुपारीच दुकानाचं शटर ओढलं, ग्रीस निघेपर्यंत हात घासले आणि इस्त्रीचा शर्ट घातला. मी आरशासमोर बोलून बोलून घसा बसवून घेतला होता. गरम पाणी पीत होते.

हॉलच्या दारावर कार्यक्रमाचा कागद लावला होता. वक्ते म्हणून सरांचं नाव होतं.

"अगं, लोक नाव बघून येतात," सर म्हणाले. "तू लॅपटॉपवर बस. शेवटी घेतो की तुझं नाव."

मी पप्पांना शेवटच्या रांगेत बसवलं होतं. त्यांना जाऊन काय सांगायचं? काहीच सांगितलं नाही. पायरीशी जाऊन बसले. पाठ लोकांकडे, म्हणजे पाठ त्यांच्याकडे.

सरांची ओळख करून दिली गेली, ती लांबत गेली. पुष्पगुच्छ झाला. मग सुरू झालं. नेक्स्ट. नेक्स्ट. माझीच वाक्यं. मी ज्या क्रमाने आरशासमोर म्हटली होती त्याच क्रमाने ती वरून येत होती. फक्त "मी"च्या जागी सर होते.

मग तो फोटो आला. उघडं पॅनल, आणि न्यूट्रलच्या जोडाजवळ मीटर धरलेला एक हात. लाल रबरी हातमोजा, निळ्या कुडत्याची बाही. बाहीची शिवण उसवली होती, आईने ती पांढऱ्या दोऱ्याने घातली होती. पडद्यावर तो दोरा माझ्या बोटाएवढा जाड दिसत होता.

सर म्हणाले, "इथे मी स्वतः उभा होतो. उष्णता चेहऱ्यावर जाणवत होती. नेक्स्ट."

मी दाबलं नाही.

"नेक्स्ट."

मी बाहीकडे बघत होते. चेहऱ्यावर जाणवत होती हे वाक्य माझं होतं. ते स्लाइडमध्ये नव्हतं. मी ते एकदा ऑफिसात जेवताना बोलले होते. त्यांनी तेही घेतलं होतं. कार्ड गेलं, व्याख्यान गेलं, आता चेहराही.

मी उभी राहिले. लॅपटॉप खुर्चीवर ठेवला.

"सर, इथे तुम्ही नव्हता. मी होते."

ते हसले. "तेच ते. आमचीच मुलगी आहे. हं, नेक्स्ट."

"हे काम मी केलंय. आज मी बोलायचं ठरलं होतं. मी बोलते."

मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अहो मॅडम, दाबा एकदा. चहा निवतोय." हॉल हसला. हे हसू मला ओळखीचं होतं. या वेळी मी त्यात नव्हते.

सरांनी आवाज खाली आणला, तो मऊ आवाज ते फक्त ग्राहकांशी वापरतात. "दमली आहेस तू. जा, पाणी पी. दुसरं कुणीतरी बसेल."

आणि दुसरं कुणीतरी बसलं. आमच्याच ऑफिसातला एक इंजिनिअर, माझ्याच वयाचा, माझ्या डब्यातलं खाणारा. माझ्याकडे न बघता आला, लॅपटॉप उचलला, बसला. सर म्हणाले, नेक्स्ट. त्याने दाबलं.

व्याख्यान पूर्ण झालं. म्हणजे असं म्हणतात. मी बाहेर आले तेव्हा आत टाळ्या वाजत होत्या. माझी कल्पना होती की मी उभी राहिले की काहीतरी थांबेल. काही थांबलं नाही.

पप्पा माझ्यामागून बाहेर आले होते. आम्ही पार्किंगपर्यंत चालत गेलो. स्कूटरची किक मारायच्या आधी ते म्हणाले, "बाही ओळखली मी."

मी मान हलवली.

"नोकरी गेली?"

"गेली असणार."

"मग गेलीच हाय तर सगळं बोलायचं होतं. अर्धंच बोललीस."

मला वाटलं होतं ते पाठीवर हात ठेवतील. त्यांनी किक मारली. रस्ताभर मी त्यांच्यावर चिडून बसले होते. घरी जाऊन भाकरी समोर आली तेव्हा कळलं की हॉलमधल्या इतक्या इंजिनिअरांत माझं उरलेलं अर्धं ज्याला ऐकायचं होतं असा तो एकच माणूस होता.

सोमवारी मी कॅमेरा आणि मीटर ऑफिसात ठेवून आले. सरांनी केबिनमधून वर पाहिलं नाही.

दोन-चार दिवसांनी मंडळाच्या सचिवांचा फोन आला. सभ्य माणूस. 'आपण'शिवाय बोलत नाही.

"आपल्याविषयी आम्हाला आदरच आहे. पण पद्धत असते ना काही. आपण ग्रुपवर एक दिलगिरीचा मेसेज टाका, विषय संपवू. आपल्यासमोर उभं आयुष्य आहे. क्षेत्र लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात."

"मला कोण ओळखतं?" मी विचारलं.

"आता ओळखतात," ते म्हणाले. तेवढं खरं बोलले.

मी ग्रुपवर मेसेज टाकला. दिलगिरीचा नाही. लिहिलं: पुढच्या महिन्याच्या व्याख्यानासाठी अर्ज करत आहे. विषय, ऑफिसच्या इमारतींमधली तापलेली न्यूट्रल. वक्ता, मी. मोजमाप, मी. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

सगळ्यांनी वाचलं. निळ्या खुणा दिसत होत्या. कुणी एक अक्षर टाकलं नाही. संध्याकाळी कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक सुरू झाले. मग मला ग्रुपमधून काढलं.

ज्या इंजिनिअरने माझ्या जागी बटण दाबलं त्याने मला वेगळा मेसेज केला. "सॉरी यार. माझ्यावर घराचं लोन आहे." मी उत्तर दिलं नाही. माझा राग नाही त्याच्यावर, पण त्याला हलकं करायचं काम मी करणार नाही. ज्याचं त्याने वाहावं.

काहींनी सुचवलं की सोड, बिबवेवाडीत स्वतःचं काम सुरू कर, चार ग्राहक मिळतील. ते मी सुरू केलंच आहे. पप्पांच्या दुकानाच्या पाटीखाली माझी पाटी लागली आहे आणि पोट भरेल एवढं काम येतंय. पण म्हणून हॉल त्यांचा झाला का? वर्गणी मी भरली आहे. सभासद मी आहे. तुमचं तुमच्यात बरं चाललंय असं सांगून मला बाजूला बसवायची ही जुनी चाल आहे आणि मी बसणार नाही.

ग्रुपमधून काढायला एक बोट पुरतं. सभासदत्व काढायला सर्वसाधारण सभा लागते, मंडळाची घटना मी वाचली आहे. माझ्यावर शिस्तभंगाचा विषय त्या सभेपुढे ठेवलाय असं पत्र आलंय. ज्याच्यावर ठपका त्याला आधी बोलू द्यावं लागतं, तेही घटनेतच आहे. वेळेची मर्यादा लिहिलेली नाही.

मी जाणार आहे. सगळं बोलणार आहे. पहिल्या इमारतीच्या वासापासून, कोण कुठे उभं होतं तिथपर्यंत. चहा निवला तर निवला.

मग मतदान होईल. गुप्त नाही, हात वर करून. मला काढायचं असेल तर त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माझ्यासमोर हात वर करावा लागेल. मी एकेक हात बघणार आहे, आणि हाताखालचा चेहराही. मान खाली घालायची वेळ ज्याच्यावर येईल त्याने घालावी. मी घालणार नाही.