पाण्याचा पेला

नाताळचा महिना लागला की पाळकसाहेब दरवर्षी न चुकता सांगतात, अंतःकरण कृतज्ञ ठेवा. मी मनात म्हणते, साहेब, आधी करंज्या तळून दाखवा, घर झाडून दाखवा, मग बोलू. वय झालं माझं. आता देवाला 'तुझे उपकार' म्हणायलासुद्धा आधी खुर्चीत टेकावं लागतं. पण म्हणते. ती सवय मला लागली ती लातूरला, आणि सुखासुखी लागली नाही.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. माझे यजमान कारकून. त्यांची बदली नांदेडहून तिथल्या नव्या कलेक्टर कचेरीत झाली. उस्मानाबादहून गाड्या भरभरून फायली यायच्या आणि त्या लावायला माणसं कमी. त्यामुळे हे रविवारीसुद्धा कचेरीतच असायचे. मी नांदेडची, गोदावरीच्या काठी वाढलेली. पाण्याचा विचार करावा लागतो, हेच मला माहीत नव्हतं. लातूरला गेल्यावर दुसरा विचारच उरला नाही. पावसाने सलग पाठ फिरवली होती. गल्लीतला हातपंप हापसून हापसून खांदा निखळायची वेळ यायची, आणि शेवटी निघायची ती लाल गढूळ धार. टँकर यायचा तेव्हा यायचा. सकाळी शाळेत शिकवायचं, दुपारी रांगेत उभं राहायचं, संध्याकाळी गाळलेलं पाणी उकळायचं. भांडायलाही अंगात त्राण नसायचं, आणि भांडणाची तर मला भारी आवड.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत होती. नाताळच्या आधी रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना व्हायची. गाणी, शास्त्रवाचन, आणि मग त्या घरच्या बाईने उभं राहून वर्षभराचे उपकार सांगायचे. पुरुषांनी नाही, बाईनेच. त्यानंतर चहा. आलेल्याला आधी पाणी द्यायचं हे तर सांगायलाच नको. त्या वर्षी आमच्याही घराची पाळी होती, आणि आम्ही तिथे नवे. मला दोनच काळज्या होत्या. एवढ्या माणसांना पुरेल इतकं पाणी कुठून आणू, आणि उभी राहून सांगू काय? उपकार म्हणून सांगावं असं काही मला सापडतच नव्हतं. मी थकले होते, देवावरही रागावले होते, आणि तो राग कुणाला सांगायची सोय नव्हती.

पाण्याचं मात्र जमवलं. पोरांच्या आंघोळी बंद केल्या, कपडे तसेच ठेवले, आणि एक घागर भरून, झाकून कोपऱ्यात ठेवली. तिला कुणी हात लावला की मी खेकसायची. पाळीच्या आदल्या दिवशी रविवार होता. नेमकी उपासनेच्या वेळेला टँकर आला. मी देवळाऐवजी (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) रांगेत उभी राहिले, आणि हे कचेरीत.

सोमवारी दिवेलागणीला माणसं आली. 'जय ख्रिस्त, बाई,' म्हणत सतरंजीवर बसली. मी घासूनपुसून लख्ख केलेले पेले भरून ताट पुढे केलं. पहिल्या बाईने हात आडवा केला. "नको बाई, आत्ताच पिऊन आले." दुसरी म्हणाली, "मला बी नको." पाळकबाई हसल्या आणि त्यांनीही मान हलवली. ताट सगळ्या खोलीतून फिरलं आणि भरलेलंच माझ्या हातात परत आलं.

ज्यांना हे कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. माझी आई अर्धापूरकडच्या एका खेड्यात वाढली. लहानपणी ती विहिरीच्या बाजूला ओंजळ धरून उभी राहायची. कुणाच्या मनात आलं तर वरून पाणी ओतायचं, हाताला हात लागू न देता. नाही आलं तर उभंच राहायचं. नंतर आमचं घराणं ख्रिस्ती झालं, आई नांदेडला आली, तरी लोकांच्या घरी पेला उचलण्याआधी ती घरच्या बाईच्या तोंडाकडे बघायची. मंडळीत वेगवेगळ्या वस्त्यांतून आलेली माणसं होती. प्रभूच्या घरात कुणी कुणाची वस्ती विचारत नाही, पण माहीत सगळ्यांना असते. मी ते भरलेलं ताट आत ठेवलं. बाहेर गाणं सुरू झालं होतं.

उपकार सांगायची वेळ आली. हे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडे या वर्षी उपकार नाहीत. पोरांना पारोसं ठेवून मी तुमच्यासाठी पाणी साठवलं. माझ्या हातचं पाणी चालत नसेल, तर माझ्या घरात प्रार्थना तरी कशाला करता?"

पाळकसाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते हळूच म्हणाले, "बाई, काल देवळात ठरलं ना. दुष्काळ आहे, तेव्हा यंदा कुणाच्याच घरी चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा नाही. घरच्या बाईला त्रास नको म्हणून. तुम्हाला निरोप नाही मिळाला?"

मला निरोप कोण देणार? ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्याने दिला असेल. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा पुन्हा रागही आला.

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या निलंग्याकडच्या म्हाताऱ्या मावशी बोलल्या. मंडळीत सगळ्यांत वडील त्याच. "ठरलं आसंल तुमचं. मला लई तहान लागली हाय. कवाची दम धरून राहिले. आण गं पोरी इकडं."

मी पेला आणला. मावशींनी तो वरून धरला नाही. तोंडाला लावला, अर्धा रिकामा केला आणि तोच पेला शेजारी बसलेल्या पाळकबाईंच्या हातात दिला. "घ्या. सांडू नका, पोरीनं कष्टानं साठवलंय." पाळकबाईंनी त्यातलंच घोटभर पाणी घेतलं आणि पेला पुढे दिला. रिकामा झाला की मी भरायची. तो पेला सगळ्या खोलीतून फिरला. कुणी कडा पुसली नाही. मग चहाही झाला, आणि फुळकवणी म्हणून मावशींनी त्याला नावंही ठेवली.

सगळे गेल्यावर मी घागर वाकडी करून पाहिली. तळाला थेंब नव्हता. भांडी तशीच पडलेली, सकाळी शाळा, टँकरचा पत्ता नाही. मी तिथेच फरशीवर बसले आणि म्हणाले, देवा, घागर रिकामी झाली, तुझे उपकार. मला उत्साह वगैरे काही आला नव्हता. अंग तसंच दुखत होतं. पण थकलेल्या माणसालाही उपकार म्हणता येतात, एवढं त्या दिवशी कळलं.

नाताळला आम्ही नांदेडला गेलो. आई अंगणात ताटातले शंकरपाळे डब्यात भरत बसली होती. मी तिला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं, माझं भाषण, पाळकसाहेबांचा चेहरा, सगळं. ती हसली नाही. तिने एवढंच विचारलं, "तोंड लावून पिले?"

"हाव."

"एकाच पेल्यानं? समदे?"

"हाव, आई. समदे."

तिने हातातला शंकरपाळा ताटात परत ठेवला. मग ताट बाजूला सारून, पदर डोक्यावर घेऊन, गुडघ्यावर हात टेकत उठली.

"चल घरात," म्हणाली. "या वर्साचे उपकार मी म्हणते."