गौरीचे उपवास

परवा चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेलो होतो... मी आणि माझी मुलगी गौरी. ती यंदा दहावीला आहे.

गेल्या काही महिन्यांपासून गौरी उपवास करते. आधी फक्त चतुर्थी, मग गुरुवार, मग शनिवारही. सासूबाई मस्तगडच्या आमच्या गल्लीत कौतुकानं सांगत फिरतात, "आमच्या गौरीला देवाचं लई हाय. उपासाची खिचडीबी खात न्हाई." मलाही ऐकून बरं वाटायचं.

दर्शन झालं. बाहेर आल्यावर मी प्रसादाचा पेढा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो परत माझ्या हातात दिला.

"प्रसादाला नाही म्हणतात का गं?"

"मम्मी, नुसती साखर आहे ती. तूच खा."

तेव्हा कळलं... हे उपवास देवासाठी नव्हते.

ओट्यावर बसलो. मी रागावत नाही असं बघून ती बोलत गेली. जाड मुली आळशी असतात. त्यांचा मनावर ताबा नसतो. मैत्रिणी त्यांना सोबत घेतात ते फक्त हसायला... पाठ केलेलं उत्तर म्हणावं तसं सांगत होती. वर्गात सगळ्यांना हे माहीतच आहे म्हणे.

"पण तू कुठं जाड आहेस?"

"होईन ना." माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्यासारखी."

घरात सगळ्यांच्या आधी मी उठते. घरचं आवरून दिवसभर शिलाई मशीनवर असते. गौरीला ते रोज दिसतं. तरीही... 

"भूक नाही लागत?" एवढंच विचारलं.

तिनं माझ्या हातातल्या पेढ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "लागते ना. लई लागते."

पूर्वी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी ओरडायची, "मम्मी, भूक!" मी वैतागायचे. तो आवाज घरातून कधी गेला, माझ्या लक्षातच आलं नव्हतं... आता संध्याकाळी मशीन थांबवून दाराकडे कान देते.

घरी आल्यावर सासूबाईंना म्हटलं, "आई, तिच्या उपासाचं कौतुक आता बास."

"मंग कशाचं करू?"

"जेवली की करा."

अजून ती नीट जेवत नाही. सोमवारी डॉक्टरांकडे नेणार आहे. पण भूक लागते, एवढं तिनं मला सांगितलं... सध्या मी तेवढ्यावर आहे.