अडतीस मुक्या पट्ट्या

करोनाच्या दुसऱ्या लाटेत ताडकळसमध्ये लोक शेजाऱ्याच्या दारावरून जाताना तोंड फिरवत होते, तेव्हा वाणी गल्लीतली आरोग्य-कार्यकर्ती त्रिवेणी बोटाला लावायचा चिमटा पदरात गुंडाळून घरोघर फिरत होती. चिमटा म्हणजे रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं ते छोटं यंत्र. नवरा राजशेखर म्हणाला, "अगं, तुला काही झालं म्हंजी?" तर ही म्हणाली, "मला झालं तर मलाच आधी कळंल. मशीन माज्याकडंच हाय."

ओट्यावर पान चघळत बसलेला धडधाकट माणूस असायचा आणि चिमट्यावर आकडा यायचा ब्याऐंशी. "मला कुठं काय झालंय?" असं तो वर तोंड करून विचारायचा. अशा अकरा जणांना तिने भांडून, हातापाया पडून, दोघांना तर चक्क शिव्या घालून परभणीच्या दवाखान्यात धाडलं. नऊ जण घरी परत आले. त्या नवांची नावं ती कधी घेत नाही, उरलेल्या दोघांची मात्र घेते.

आज ही बारावी शिकलेली बाई चार जिल्ह्यांतल्या आरोग्य-कार्यकर्त्यांना शिकवते आणि मागच्या बाकावर डॉक्टर वह्या घेऊन बसतात. मला विचाराल तर हे फार आधीच व्हायला हवं होतं. पण मध्ये एक आठवडा असा आला की तिचं नाव खोटारड्यांच्या यादीत जायची वेळ आली होती.

झालं असं. करोना ओसरल्यावर दोनेक वर्षांनी पुण्याच्या एका संशोधन संस्थेने एक अभ्यास हाती घेतला. करोना होऊन गेलेल्या माणसांच्या हृदयाचं पुढे काय होतं, ते त्यांना बघायचं होतं. त्यासाठी माणसाच्या डाव्या मनगटावर रबरी पट्टी बांधायची. तिच्या पोटाशी हिरवा दिवा. तो कातडीवर उजेड टाकून नाडी मोजणार, नोंद मोबाइलमध्ये जाणार आणि मोबाइलमधून पुण्याला. पट्टी दिवसरात्र काढायची नाही, आंघोळीलासुद्धा नाही. ताडकळसची चौसष्ट माणसं त्रिवेणीच्या वाट्याला आली.

आता गावाला असलं काही गळी उतरवणं सोपं नसतं. कापडाचं दुकान चालवणारे एकाहत्तर वर्षांचे धोंडप्पा म्हणाले, "म्हंजी मी कुठं जायलोय ते पुण्याला कळणार का?" शेजारच्या शांतम्माला वाटलं की पट्टी रक्त पिते. त्रिवेणीने स्वतःच्या हाताला आठ दिवस पट्टी बांधून दाखवली, तेव्हा कुठे शांतम्माने हात पुढे केला. दर पंधरवड्याला त्रिवेणी पट्ट्या गोळा करायची, घरी चार्ज करायची आणि संध्याकाळच्या आत ज्याची त्याला नेऊन द्यायची. चौदा महिने हे असं चाललं. एकही माणूस गळाला नाही.

आणि एका बुधवारी परभणीहून दिनकररावांचा फोन आला. हे जिल्ह्याचे समन्वयक. माणूस वाईट नाही, पण वरून कागद आला की त्यांची बुद्धी कागदाच्या पुढे जात नाही.

"त्रिवेणीताई, सगळ्या नोंदी आता एकत्र तपासल्या, तर तुमच्या चौसष्टातल्या अडतीस पट्ट्या रोज पहाटे मुक्या होतात. साडेपाच ते सातच्या दरम्यान. वीस-वीस मिनिटं. हालचाल नाही, नाडी नाही. कॉम्प्युटर म्हणतो, पट्टी मनगटावर नाही."

"असं कसं हुईल, साहेब? लोक काढीतच न्हाईत."

"अडतीसच्या अडतीस एकाच गल्लीतल्या आहेत, ताई. पुण्याच्या संस्थेतल्या डॉ. अपेक्षा मॅडमना वाटतं की पट्ट्या कुणीतरी एका जागी गोळा करून ठेवतं. चार्जिंग तुमच्याच घरी होतं ना? सोमवारी यादी पक्की होणार. लेखी खुलासा द्या, नाहीतर गाव अभ्यासातून बाहेर, आणि तुमचं नाव खोट्या नोंदींच्या यादीत."

काम गेलं असतं तर त्रिवेणीने सोसलं असतं. पण तिच्या शब्दावर चौसष्ट माणसांनी हात पुढे केला होता, आणि आता तीच खोटारडी ठरणार होती. उद्या पुन्हा तसली साथ आली आणि ही चिमटा घेऊन दारात उभी राहिली, तर लोक म्हणणार, ही का, हिचे आकडे खोटे निघाले होते. तिला खरी भीती वाटली ती याची.

गुरुवारी ती अडतीस घरं फिरली. खरं तर नीट विचारायला हवं होतं, पण घाबरलेला माणूस विचारत नाही, उलटतपासणी घेतो. "पहाटे पट्टी काडून ठिवता का? खरं सांगा!" बहुतेकांनी मान हलवून नाही म्हटलं. शांतम्मा मात्र बिथरली. "चौदा महिनं झाले, एकडाव काडली न्हाई. आंघूळीला न्हाई का झोपंत न्हाई. आनी तू मला चोरावानी इचारायलीस?" तिने त्रिवेणीच्या तोंडावर दार लावलं. ज्या दारातून बोलावल्याशिवाय चहा यायचा, ते दार.

शुक्रवारी भल्या पहाटे ती धोंडप्पांच्या घरी गेली. कशाला? त्यांना रंगेहाथ पकडायला. एवढं तिचं मन फिरलं होतं. धोंडप्पा आंघोळ करून लिंगपूजेला बसले होते. गळ्यातल्या चांदीच्या करड्यातून, म्हणजे डबीतून, काढलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर, तळहात डोळ्यांसमोर धरलेला, नजर लिंगावर खिळलेली. उजवा हात मांडीवर. पूजेत ते बोलत नाहीत हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती दाराशीच थांबली. पट्टी मनगटावरच होती.

आणि तिला उजेड दिसला. तळहात वर धरायला मनगट मागे वळलं होतं, पट्टीखाली फट पडली होती आणि त्या फटीतून हिरवा दिवा बाहेर चमकत होता. तो कातडीवर पडतच नव्हता. भिंतीवर पडत होता.

"अगं बाई!" ती मोठ्याने म्हणाली. धोंडप्पांची पापणी हलली नाही.

तिथल्या तिथे तिने पिशवीतून फॉर्मांचा गठ्ठा काढला. त्यात एक प्रश्न होता: दिवसातून काही वेळ एकाच स्थितीत बसून राहता का? अडतीस फॉर्मांवर तिच्याच अक्षरात 'नाही' लिहिलेलं. लोकांनीच नाही म्हटलं होतं, तिनेही लिहून टाकलं होतं. लिंगायतांच्या या गल्लीत घरोघरी पहाटे हीच पूजा चालते, ती स्वतः रोज तशीच बसत होती! रोज उठून श्वास घेतो तसं जे चालतं, ते पुण्याच्या फॉर्मात लिहायचं असतं, हे गल्लीत कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि जिच्या यायला हवं होतं तिच्याही आलं नाही. तिला स्वतःचा राग आला आणि हसूही आलं.

तिने फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा दिनकरराव म्हणाले, "हे सगळं लिहून पाठवा."

"लिहून न्हाई, साहेब. लिहिलेलं तुमी खोटं म्हनायलाव. मॅडमला रविवारी पहाटे सहाला ताडकळसला आना. मी दाखविते."

दिनकररावांनी बराच वेळ आढेवेढे घेतले. मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "आणतो."

शनिवारी ती पुन्हा अडतीस घरं फिरली, या वेळी माफी मागत. शांतम्माच्या दारात म्हणाली, "काकू, माजंच चुकलं. उद्या देवळात या, तुमच्याशिवाय माजी लाज कोन राखील?" शांतम्माने दार उघडलं आणि चहा पाजून मगच सोडलं. मग त्रिवेणीने एक गोष्ट केली, जी तिला कुणी शिकवली नव्हती. एकोणीस जणांची पट्टी डाव्या हातावरच ठेवली आणि एकोणीस जणांची उजव्या हाताला बांधली.

रविवारी सहा वाजता महादेवाच्या देवळाचा मंडप भरला. डावे एकोणीस एका रांगेत, उजवे एकोणीस समोरच्या रांगेत. डॉ. अपेक्षा आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. तिशीतली बाई, हातात टॅबलेट. त्यावर अडतीस नावं, अडतीसही हिरवी.

"मॅडम, आधी सगळ्यांची मनगटं बघून घ्या," त्रिवेणी म्हणाली. अपेक्षांनी एकेकाची पट्टी हात लावून पाहिली. सगळ्या पक्क्या होत्या.

पूजा सुरू झाली. मंडपात एवढी शांतता की कबुतरांचं फडफडणं ऐकू यावं. तळहात वर गेले, नजरा स्थिरावल्या. टॅबलेटवर पहिलं नाव राखाडी झालं: शांतम्मा, पट्टी मनगटावर नाही. मग धोंडप्पा. मग तिसरं, चौथं, भराभर. अपेक्षा एकदा टॅबलेटकडे बघत, एकदा समोर बसलेल्या शांतम्माच्या मनगटाकडे. पट्टी तिथेच होती आणि खालून हिरवा उजेड सांडत होता. एकोणीस नावं राखाडी झाली. बरोबर एकोणीस. समोरच्या रांगेत पट्टीचा हात मांडीवर होता, तिथलं एकही नाव विझलं नाही.

वीस मिनिटं झाली. मग हात खाली आले, मनगटं सरळ झाली आणि नावं एकामागून एक परत हिरवी झाली. दिनकररावांनी खिशातून रुमाल काढून घाम पुसला. पहाटेच्या गारव्यात माणसाला घाम फुटावा!

"उजवा-डावा वेगळा करायचं तुम्हाला कुणी सांगितलं?" अपेक्षांनी विचारलं.

"कुनी न्हाई. सगळ्यांच्याच डाव्या हाताला ठिवली असती तर तुमी म्हनला असता, पूजेचाच काहीतरी परिनाम हाय. आन मॅडम, फॉर्मात 'नाही' मीच लिव्हलंय, अडतीसदा. ती चूक माजी हाय, ती बी लिव्हा."

अपेक्षांनी टॅबलेटवर खोट्या नोंदींची कच्ची यादी उघडली, तिथे आधीच चढवलेलं त्रिवेणीचं नाव काढलं. नाव काढायचं तर कारण लिहावं लागतं. त्यांनी ते लिहिलं आणि हळू आवाजात तिला वाचून दाखवलं.

"इकडं ऐकू येईना!" धोंडप्पा ओरडले. "चोर म्हनलाव ते सगळ्या जिल्ह्याला ऐकू गेलं. हे बी मोठ्यानं होऊ द्या."

अपेक्षा उभ्या राहिल्या. सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी वाचलं, "दोष यंत्राचा आणि आमच्या नियमाचा. प्रश्नाचं उत्तर चुकीचं नोंदलं गेलं, ते कार्यकर्तीने स्वतः सांगितलं. चौदा महिन्यांच्या नाडीच्या नोंदी खऱ्या. दोष कार्यकर्तीनेच शोधला, तिनेच सिद्ध केला. ताडकळस अभ्यासात कायम."

"आनी एकडाव," शांतम्मा म्हणाली.

अपेक्षांनी पुन्हा वाचलं. त्या 'तिनेच सिद्ध केला' पर्यंत आल्या तेव्हा अडतीस माणसं टाळ्या वाजवत होती आणि त्रिवेणी देवळाच्या खांबाला टेकून, सगळ्यांच्या देखत, पोटभर रडत होती.