चातुर्मासातली पावडर

अण्णा नगरच्या आमच्या गच्चीवर कढीपत्त्याला अळ्या लागल्या. मी एकेकीला खाली पाडून चपलेने चिरडत सुटलो. आई भडकली. चातुर्मासात घरात हत्या नको, म्हणाली.

नर्सरीवाल्याने मातीतल्या जीवाणूंपासून केलेली पावडर दिली. माणसाला तिचा अपाय नाही म्हणे. मी ती पाण्यात कालवून झाडावर फवारली.

चपलेखाली अळी क्षणात मरायची. आता पान खाल्लं की जीवाणूंचं विष तिचं आतडं फाडायचं. तिचं खाणं सुटायचं आणि दोन दिवसांनी ती काळी पडून, पाणी गाळत उलटी लटकायची.

आई रसमसाठी पानं तोडायला आली. लटकलेली एक अळी तिने नखाने उडवली आणि समाधानाने म्हणाली, “बघ, कुणाला मारावं लागलं नाही.”