राज्य कुणावर?

दर रविवारी रत्नागिरीच्या चर्चमध्ये सत्ताधाऱ्यांसाठी प्रार्थना होते आणि येसूबाई त्यावर खणखणीत 'आमेन' म्हणायच्या. मग त्या स्वतःच पावसजवळच्या आपल्या गावच्या सरपंच झाल्या आणि ती प्रार्थना त्यांच्याही वाट्याला आली. तेव्हापासून आवाज जरा खालीच उतरला. आपल्यासाठी आपणच कसं ओरडायचं!

त्यात मे महिना. विहिरी आटल्या, सरकारी टँकर एकच आणि वाड्या दोन. खालची वाडी त्यांची, भरभरून मतं देणारी. वरच्या वाडीने त्यांना पाडायला जंग जंग पछाडलं होतं. पण हंडे कोरडे पडले होते ते वरच्याच वाडीत. खाली निदान एका बोअरला पाणी होतं.

"टँकर पयला आपल्याकडं," त्यांचा खंदा कार्यकर्ता गुरुप्रसाद बजावून गेला. "नायतर पुढल्या निवडणुकीत मत मागाया येव नका."

येसूबाईंना खुर्ची आवडू लागली होती, खोटं कशाला बोला? शनिवारभर त्यांना घास गोड लागला नाही.

रविवारी त्या चर्चमधल्या मुलांना प्रार्थना शिकवत होत्या. "तुझे राज्य येवो" म्हटल्याबरोबर रुचिरा नावाच्या चिमुरडीने बोट वर केलं.

"बाई, देवावर राज्य आलं? लपाछपीतलं? मग सगळ्यांना त्यानेच शोधायचं?"

पोरं खिदळली. येसूबाईही हसल्या आणि हसता हसता विचारात पडल्या. खरंच की! ज्याच्यावर राज्य, त्याने बसायचं नसतं. पार कोपऱ्यात दडलेलाही सापडेपर्यंत धावायचं असतं. देव तर कधीपासून तेच करत आलाय. आणि त्याच्याकडून चार दिवस सत्ता मिळाली तर आपण खुर्ची धरून बसलो, याची त्यांना लाज वाटली.

सोमवारी टँकर सरळ वरच्या वाडीत चढला. गुरुप्रसाद धापा टाकत मागोमाग आला.

"अवो, राज्य तुमचं नि पाणी त्यांना?"

"माझं नाय रे," येसूबाई भर रांगेसमोर म्हणाल्या. "माझ्यावर आलंय."

गुरुप्रसाद तणतणत निघून गेला. त्याच्याबरोबर आपली मतंही गेली, असं येसूबाईंनी गृहीतच धरलं.

रांगेत चिमाआजी होत्या, निवडणुकीत येसूबाईंच्या विरोधात घरोघर फिरलेल्या. त्यांनी हंडा भरला, बाजूला ठेवला, पदराला हात पुसले आणि येसूबाईंच्या पाठीवर सणसणीत थाप मारली.

"धप्पा!" आजी म्हणाल्या. "आता पुन्यांदा राज्य तुझ्यावरच गो, बाय."