घसरणारा पाट

असोद्यात अगरबत्ती वळणाऱ्या बायकांमध्ये पुष्पाबाईंचा हात सगळ्यात चलाख. हे त्या स्वतः सांगत नाहीत. दुसऱ्या कुणी सांगितलं तर अडवतही नाहीत. बावीस वर्षं त्या हे काम करताहेत. जमिनीवर बसायचं, समोर लाकडी पाट, डाव्या हाताला बांबूच्या काड्या, उजव्या हाताला कोळशाच्या भुकटीचा काळा लगदा. चिमूटभर लगदा काडीला लावून तळव्याखाली पुढे लोटला की झाली बत्ती. दिवसाला पाच किलो, म्हणजे पाचेक हजार काड्या. सुगंध नंतर जळगावात लागतो.

यंदा दिवाळी सरली आणि उजवा गुडघा रुसला. एक पाय दुमडून, एक पसरून बसायचं, तर तासाभरात कळ निघू लागली. पाचाचे साडेतीन किलो झाले. लगदा पोचवणारे आणि तयार बत्ती नेणारे धनसिंग भाऊ शनिवारी काट्यावरची नजर न काढता म्हणाले, "अक्का, पुढच्या शनिवारी दिवसाचे पाच किलो उतरले तर ठीक. नाहीतर तुमचा माल भादलीला देतो. तिथल्या बाया कधीच्या मागताहेत."

पुष्पाबाई त्याच पावली तोताराम सुताराकडे गेल्या आणि म्हणाल्या, "गुडघा न मोडता बसता येईल असं टेबल दे. सोमवारी पाहिजे."

सोमवारी, बायका एकत्र बसून बत्ती वळतात त्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबल आलं, स्टूल आलं. दाराजवळ, भुकटी बाहेर उडून जाईल अशा बेतानं ते मांडलं. खाली बसलेल्या पाच जणींनी हात थांबवले.

"व माय! अक्का बँकेत लागली," दिपमाला म्हणाली. "माझं पासबुक भरून दे व."

"जेवणाची सुट्टी झाली. उद्या ये," पुष्पाबाईंनी सुनावलं.

गुडघा खरंच गप्प राहिला. पण संध्याकाळी काट्यावर अडीच किलोच भरले. प्रत्येक बत्ती लोटली की टेबलावरचा पाट पुढे सरके, तो मागे ओढावा लागे. मंगळवारी पाटाखाली ओलं फडकं घातलं, तर फडक्यासकट पाट चालू लागला.

"खाली ये, माय," दिपमालानं समजावलं. "बावीस वर्षं कुठं अडलं होतं?"

बुधवारी पुष्पाबाईंनी खाली बसून पाहिलं. तोच पाट, तोच हात. पाट तसूभर हलला नाही. पुन्हा टेबलावर घेतला, पुन्हा घसरला. त्यांनी तोतारामला बोलावणं धाडलं. "तुझं टेबल वाकडं आहे."

तोतारामनं पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. मग टेबलाचे पाय तपासायला तो खाली वाकला आणि तिथूनच ओरडला, "तू काम चालू ठेव!" थोड्या वेळानं त्याला हसू आवरेना.

"अक्का, कोनाले लाथा मारू राहिली?"

टेबलाखाली पुष्पाबाईंचा डावा पाय दर बत्तीला पुढे जात होता आणि अंगठ्यानं हवा दाबत होता. खाली बसताना तोच पसरलेला पाय पाटाची पलीकडची कड अडवून धरायचा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. शेडमधल्या सगळ्यांनी खाली पाहिलं. पाच पाट, पाच अंगठे.

"खोटं!" म्हणत दिपमालानं पाय उचलला आणि बत्ती लोटली. पाट सुटला तो शेजारणीच्या लगद्यात जाऊन थांबला. त्यानंतर अर्धा तास कुणी काम केलं नाही. एकीला तर हसून हसून उचकी लागली.

तोतारामनं पाटाच्या पुढे टेबलावर दोन बोटं रुंदीची पट्टी ठोकली. पाय काही गप्प बसणार नव्हता, म्हणून त्याच्यासाठीही खाली तिरकी फळी मारली. गुरुवारी साडेचार किलो झाले. शुक्रवारी पाचाला थोडेच कमी.

शनिवारी पुष्पाबाई जेवणापुरत्याच उठल्या. पूर्वी कंबर सोडवायला दर तासाला उठावं लागायचं, ते उरलं नव्हतं. संध्याकाळी धनसिंग भाऊंनी त्या दिवसाची बत्ती काट्यावर ठेवली. सहा किलोच्या वर. त्यांनी ती उतरवली, काटा झटकला, पुन्हा ठेवली.

"काटा बिघडला की काय?"

"तुझा काटा बरा आहे, भाऊ. माझा गुडघा बरा आहे."

"मग भादलीवाल्यांना काय सांगू?"

"सांग, टेबलं करून घ्या म्हणावं."

पुष्पाबाईंनी सोमवारसाठी सहा किलोचा लगदा मोजून घेतला. मागे तोताराम सुतळीनं एकेकीच्या बैठकीचं माप घेत होता. दिपमालाचं माप दोनदा घेऊन झालं, तरी तिचं एकच म्हणणं होतं: टेबल अक्काच्यापेक्षा चार बोटं उंच पाहिजे.